हार्नेस (वेशभूषा)

हार्नेस हा छाती, खांदे आणि पाठ यांभोवती बांधावयाच्या पट्ट्यांचा पोशाखप्रकार आहे. तो बहुधा चामड्याचा असतो आणि उघड्या अंगावर, सदऱ्यावर किंवा कोटावर घातला जातो. त्याने अंग झाकले जात नाही, उबही मिळत नाही आणि त्यात काही अडकवून नेण्याची सोयही सहसा नसते. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हा प्रकार फॅशनच्या मंचावर, पुरस्कार सोहळ्यांत आणि ऑनलाइन दुकानांत सर्वत्र दिसू लागला. त्याचे आजचे रूप मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील समलैंगिक पुरुषांच्या लेदर संस्कृतीत घडले. या पोशाखाचा इतिहास हा मोठ्या प्रमाणात त्या संस्कृतीचा, तिच्यावरील पोलिसी कारवायांचा आणि एड्सच्या साथीचा इतिहास आहे.

शब्द आणि रचना

इंग्रजीत हार्नेस म्हणजे घोड्याला गाडीस किंवा नांगरास जुंपण्यासाठी त्याच्या अंगावर चढवावयाचे पट्टे. मराठीत या सरंजामाच्या निरनिराळ्या भागांना स्वतंत्र नावे आहेत. घोड्याच्या पोटाखालून आवळतात तो तंग, बैलाच्या मानेखालून जोखडाला अडकवतात ती सापती आणि चामड्याची कोणतीही अरुंद पट्टी ती वादी. एकत्रित अर्थाने ‘साज’ हा शब्द आहे. पण कोल्हापुरात साज म्हटले की गळ्यातील सोन्याचा दागिनाच डोळ्यांसमोर येतो. या पोशाखाला मराठीतही हार्नेस असेच म्हटले जाते.

त्याच्या दोन रचना विशेष प्रचलित आहेत. पहिल्या रचनेत दोन पट्टे खांद्यांवरून येऊन काखेखालून पाठीकडे जातात आणि छातीवर व पाठीवर एकेक आडवी पट्टी त्यांना जोडते. समोरून पाहता इंग्रजी ‘एच’ अक्षराचा आकार दिसतो. तिला बुलडॉग हार्नेस असेही म्हणतात. दुसऱ्या रचनेत छातीच्या मध्यभागी धातूची एक कडी असते आणि तिच्यापासून चार पट्टे फुलीसारखे फाकतात. पट्टे बक्कल किंवा टिचबटणांनी अंगाच्या मापाप्रमाणे घट्ट-सैल करता येतात. परंपरेने रंग काळा असतो. घोड्याच्या साजासाठी वापरले जाणारे जाड, न ताणणारे चामडे यासाठी उत्तम मानले जाते, कारण पातळ चामडे काही दिवसांत ताणून लोंबते. स्वस्त बाजारी हार्नेस बहुधा रेक्झिनचे किंवा लवचीक नाडीचे असतात.

लष्करी पूर्वज

अंगावर तिरके किंवा आडवे पट्टे बांधण्याची पद्धत सैन्यात जुनी आहे. त्यांतील एका पट्ट्याचा उगम थेट हिंदुस्थानातला आहे. सॅम ब्राउन या ब्रिटिश घोडदळ अधिकाऱ्याचा डावा हात १८५८ साली उत्तर हिंदुस्थानातील एका लढाईत तुटला. तलवार उपसताना म्यान डाव्या हाताने धरावे लागते. ते शक्य नसल्याने त्याने कमरपट्ट्याला उजव्या खांद्यावरून येणारी एक तिरकी पट्टी जोडून म्यान स्थिर केले. एका अपंग अधिकाऱ्याची ही सोय पुढे ब्रिटिश साम्राज्यभर आणि इतर अनेक देशांत अधिकारपदाची खूण बनली. भारतातील पोलीस अधिकाऱ्यांच्या गणवेशात हा क्रॉस बेल्ट आजही आढळतो. लेदर संस्कृतीने गणवेशाचे जे घटक उचलले, त्यांत सॅम ब्राउन पट्टाही होता.

छातीवरचा पट्टा आणि अधिकार यांचे नाते मराठी भाषेलाही ठाऊक आहे. कचेरीतील शिपायाला ‘पट्टेवाला’ हे नाव त्याच्या अंगावरील पट्ट्यावरूनच मिळाले. त्या पट्ट्यामुळे तो बाहेरच्या माणसासमोर सरकारचा प्रतिनिधी ठरे आणि साहेबासमोर हुकमाचा ताबेदार. हार्नेसमध्येही हा दुहेरी अर्थ आहे. पट्टा बांधलेला माणूस बलवान दिसतो आणि बांधलेलाही दिसतो.

लेदर संस्कृतीचा उदय

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्याने समलैंगिक ठरवलेल्या अनेक सैनिकांना ‘ब्लू डिस्चार्ज’ देऊन काढून टाकले. निळ्या कागदावर छापलेल्या या दाखल्यामुळे निवृत्त सैनिकांच्या सवलती मिळत नसत आणि नोकरी मिळणेही अवघड होई. असा दाखला घेऊन गावी परतण्यापेक्षा अनेकांनी सॅन फ्रान्सिस्को, न्यूयॉर्क यांसारख्या बंदरांच्या शहरांतच राहणे पत्करले. युद्धातून परतलेल्या तरुणांत त्याच सुमारास मोटारसायकल क्लबांची लाट आली होती. चामड्याचे जाकीट, बूट आणि टोपी हा स्वारांचा वेश होता. १९५३ साली ‘द वाइल्ड वन’ या चित्रपटात मार्लन ब्रँडोने तो घातला आणि तो बंडखोर पुरुषत्वाचे प्रतीक बनला. पुढच्याच वर्षी, १९५४ मध्ये, लॉस एंजेलिस येथे सॅटर्स हा समलैंगिक पुरुषांचा मोटारसायकल क्लब स्थापन झाला. तो आजही चालू असून जगातील दीर्घायुषी समलैंगिक संघटनांत त्याची गणना होते.

समलैंगिक पुरुष म्हणजे बायकी पुरुष, ही त्या काळची सार्वत्रिक समजूत होती आणि वर्तमानपत्रे, नाटके व डॉक्टर ती पक्की करीत होते. चामडे घालणाऱ्यांनी तिला शब्दांत उत्तर दिले नाही. त्यांनी वेशच असा निवडला की ती समजूत लागूच पडू नये. या उत्तराला स्वतःची संकुचितताही होती. स्त्रिया आणि नाजूक चालीचे पुरुष यांना या वर्तुळात बराच काळ स्थान नव्हते. सॅन फ्रान्सिस्कोत १९७८ मध्ये स्थापन झालेल्या समॉय या समलैंगिक स्त्रियांच्या गटाने पुरुषांची ही मक्तेदारी मोडण्यास सुरुवात केली.

शिकागोत चक रेन्स्लो आणि चित्रकार डॉम ओरेहुडोस यांचा ‘गोल्ड कोस्ट’ हा अगदी सुरुवातीच्या लेदर बारांपैकी एक होता. ओरेहुडोस ‘एटिएन’ या टोपणनावाने चित्रे काढीत. त्याहून दूरवर पोहोचली ती टाउको लाक्सोनेन या फिनिश चित्रकाराची रेखाटने. १९५७ साली ‘फिजिक पिक्टोरियल’ या अमेरिकी नियतकालिकात ती ‘टॉम ऑफ फिनलंड’ या नावाने छापली गेली. रुंद खांद्यांचे, गणवेशातले, आणि मुख्य म्हणजे हसतमुख पुरुष हे त्यांचे वैशिष्ट्य. समलैंगिक माणूस दुःखी किंवा लज्जित न दाखवणारी चित्रे त्या काळी दुर्मीळ होती. २०१४ मध्ये फिनलंडच्या टपाल खात्याने या चित्रांची तिकिटे काढली.

१९६४ च्या जून महिन्यात ‘लाइफ’ साप्ताहिकाने अमेरिकेतील समलैंगिकतेवर दीर्घ लेख छापला. त्यात सॅन फ्रान्सिस्कोतील ‘टूल बॉक्स’ या लेदर बारचे आणि तेथील चक आर्नेट यांच्या भित्तिचित्राचे मोठे छायाचित्र होते. लेखाचा सूर चिंतेचा होता. पण देशभरातील एकाकी वाचकांना त्यातून आपण कोणत्या शहरी जावे याचा पत्ताच मिळाला. पुढील वीस वर्षांत त्या शहराचा साउथ ऑफ मार्केट हा गोदामांचा आणि कारखान्यांचा भाग, विशेषतः फॉल्सम रस्ता, लेदर संस्कृतीचे केंद्र बनला. मानववंशशास्त्रज्ञ गेल रुबिन यांनी या वस्तीचा अभ्यास करून तिच्यावर प्रबंध लिहिला. या विषयाला विद्यापीठीय अभ्यासात स्थान मिळाले त्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

खूण म्हणून हार्नेस

आरंभीच्या काळात लेदर म्हणजे जाकीट, बूट आणि पँट. उघड्या छातीवरील हार्नेस १९७० च्या दशकात ठळकपणे दिसू लागला. गर्दीच्या बारमध्ये आणि नाचाच्या जागी जाकीट घालून वावरणे कठीण होते. हार्नेसमुळे अंग उघडे ठेवूनही माणूस ‘वेशात’ राहू शकत असे. शिवाय काळ्या पट्ट्यांनी छाती आणि खांदे यांना चौकट मिळून ते अधिक भरदार दिसत.

लेदर संस्कृतीतील अनेकांचा संबंध परस्परसंमतीने होणाऱ्या वर्चस्व आणि शरणागतीच्या लैंगिक आचारांशी होता. उघडपणे बोलणे धोक्याचे असल्याने वस्त्रांची एक सांकेतिक भाषा तयार झाली. किल्ल्यांचा जुडगा किंवा रुमाल डाव्या बाजूस असल्यास वर्चस्वाची भूमिका आणि उजव्या बाजूस असल्यास शरणागतीची, असा सर्वसाधारण संकेत होता. तो सर्व शहरांत सारखा पाळला जात नसे, आणि जुन्या पिढीच्या कडक शिस्तीबद्दल आज सांगितल्या जाणाऱ्या अनेक कथा नंतर रचल्या गेल्या आहेत. हार्नेस एका अनोळखी माणसाला दुसऱ्याने ओळखण्याची खूण होता, एवढे मात्र निश्चित.

ही खूण बाहेरच्यांसाठी नव्हती. न्यूयॉर्कमधील ‘माइनशाफ्ट’ या क्लबच्या (१९७६–१९८५) वेशनियमांत अत्तर, सूट, टाय, टक्सिडो आणि नामांकित डिझायनरचे स्वेटर यांना मज्जाव होता. चामडे, जीन्स आणि गणवेश चालत. फॅशन ज्या दारावर अडवली जात होती, त्याच दाराच्या आतला वेश चाळीस वर्षांत टक्सिडोवर चढला.

पोलीस आणि न्यायालये

१० एप्रिल १९७६ रोजी लॉस एंजेलिस पोलिसांनी एका स्नानगृहावर मोठ्या फौजफाट्यासह छापा घालून ४० जणांना अटक केली. तेथे लेदर समाजाचा मदतनिधीसाठी ‘गुलामांचा लिलाव’ हा लुटुपुटीचा कार्यक्रम चालू होता. पोलिसांनी गुलामगिरीविरोधी कायद्याचे कलम लावले. एका जुन्या, गंभीर कायद्याचा असा वापर पाहून शहरात पोलिसांचीच टर उडवली गेली, परंतु अटक झालेल्यांना त्याचा उपयोग थोडाच.

ब्रिटनमधील प्रकरण अधिक दूरगामी ठरले. ‘ऑपरेशन स्पॅनर’ या तपासानंतर डिसेंबर १९९० मध्ये १६ पुरुषांना शिक्षा झाल्या. सर्व सहभागी प्रौढ होते, सर्वांची संमती होती आणि कोणीही तक्रार केलेली नव्हती. तरीही शारीरिक इजेच्या बाबतीत संमती हा बचाव होऊ शकत नाही, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने मार्च १९९३ मध्ये बहुमताने दिला. युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही १९९७ मध्ये त्यात हस्तक्षेप केला नाही.

अमेरिकेत सिनसिनाटी शहरात रॉबर्ट मेपलथॉर्प यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवल्याबद्दल कलादालनावर आणि त्याचे संचालक डेनिस बॅरी यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. प्रदर्शनात लेदर संस्कृतीतील पुरुषांची छायाचित्रे होती. ऑक्टोबर १९९० मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष ठरवले. मेपलथॉर्प स्वतः आदल्या वर्षी एड्सने मरण पावले होते.

एड्स आणि वारसा

१९८१ पासून पसरलेल्या एड्सच्या साथीने लेदर संस्कृतीतील एका पिढीचा मोठा भाग नेला. बार बंद झाले, क्लब ओस पडले. फॉल्सम रस्त्यावरील जत्रा १९८४ मध्ये सुरू झाली ती निव्वळ करमणुकीसाठी नव्हे. साथीने खचलेल्या आणि पुनर्विकासाच्या दडपणाखाली असलेल्या वस्तीला एकत्र आणणे आणि निधी उभारणे हा तिचा हेतू होता.

या काळात चामड्याच्या वस्तूंना नवा अर्थ आला. जाकीट किंवा हार्नेस आपल्या माणसाकडून मिळणे ही या समाजात मानाची गोष्ट समजली जाते, आणि साथीच्या वर्षांत ती अनेकदा मृत्यूनंतरची आठवण ठरली. पुष्कळ वेळा मृताचे नातेवाईक खोली रिकामी करताना अशा वस्तू, पत्रे आणि छायाचित्रे लाजेखातर फेकून देत. हे थांबवण्यासाठी रेन्स्लो आणि टोनी डीब्लेस यांनी १९९१ मध्ये शिकागोत लेदर आर्काइव्ह्ज अँड म्युझियमची स्थापना केली. काळ्या-निळ्या पट्ट्यांचा, पांढरी पट्टी आणि लाल हृदय असलेला लेदर ध्वज १९८९ मध्ये डीब्लेस यांनीच तयार केला होता.

फॅशनमधील प्रवेश

पट्टे, कड्या आणि बक्कले यांचा फॅशनमधील प्रवेश लंडनमधून झाला. व्हिव्हियन वेस्टवूड आणि माल्कम मॅक्लारेन यांनी १९७४ मध्ये किंग्ज रोडवरील आपल्या दुकानाचे नाव ‘सेक्स’ ठेवले आणि तेथील माल पंक पिढीने उचलला. पंकचा हेतू धक्का देण्याचा होता, त्यामुळे मूळ अर्थ पुसला गेला तरी धार राहिली. हेवी मेटल संगीतात जूडास प्रीस्ट या वाद्यवृंदाचे गायक रॉब हॅल्फर्ड यांनी चामडे आणि खिळे रुजवले. हजारो चाहत्यांनी तो वेश कडव्या पुरुषत्वाची निशाणी म्हणून घातला. हॅल्फर्ड यांनी १९९८ मध्ये आपण समलैंगिक असल्याचे जाहीर केले.

उच्च फॅशनमधील ठळक टप्पा म्हणजे जियानी वर्साचे यांचा १९९२ चा शरद-हिवाळी संग्रह. त्यात स्त्रियांच्या संध्यापोशाखांवर काळे पट्टे आणि सोनेरी बक्कले होती. काही समीक्षकांना तो स्त्रियांचा अपमान वाटला, काहींना स्त्रीच्या सत्तेचे दर्शन. स्पॅनर खटल्यातील आरोपी त्याच सुमारास अपिलांसाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढत होते.

पुढे जाँ पॉल गोतिये, हेल्मुट लँग आणि न्यूयॉर्कच्या झाना बेन यांनी हा प्रकार पुढे नेला. मार्च २०१८ च्या ऑस्कर सोहळ्यात फिगर स्केटर अ‍ॅडम रिपन यांनी मॉस्किनोच्या टक्सिडोसह चामडी हार्नेस घातला. रिपन स्वतः उघडपणे समलैंगिक असल्याने त्या निवडीचा अर्थ लपलेला नव्हता. जानेवारी २०१९ मध्ये गोल्डन ग्लोब सोहळ्यात टिमोथी शॅलमे लुई व्हितॉनसाठी व्हर्जिल अब्लो यांनी केलेला भरतकामाचा, चमकदार हार्नेस घालून आले. तो हार्नेस आहे हे आपल्याला ठाऊक नव्हते, आपल्याला ते ‘बिब’ म्हणून सांगण्यात आले, असे त्यांनी नंतर म्हटले. लाळेऱ्याचा हा उल्लेख तेव्हा विनोद म्हणून फिरला. पण वस्तूचा इतिहास तिच्यापासून किती सहज सुटा होतो याचे याहून सोपे उदाहरण सापडणे कठीण.

या प्रसाराबद्दल लेदर समाजात एकमत नाही. काहींच्या मते ज्या पट्ट्यांसाठी लोकांनी अटक आणि नोकरीवरून काढले जाणे सोसले, ते किंमतीची चिठ्ठी लावून विकणे ही उचलेगिरी आहे. दुसरी बाजू म्हणते की हा वेश मुळातच स्वार, सैनिक आणि घोडा यांच्याकडून उसना घेतलेला आहे. मग त्यावर मालकी कोणी सांगावी? दुसऱ्या युक्तिवादात तथ्य आहे, मात्र तो एक फरक विसरतो. सैन्याचा पट्टा उचलणाऱ्या समलैंगिक माणसाला सैन्याने हाकलले होते. समलैंगिक माणसाचा पट्टा उचलणाऱ्या फॅशनगृहाला कोणीही हाकललेले नाही.

भारत आणि महाराष्ट्र

भारतात लेदर बारची परंपरा निर्माण झाली नाही. भारतीय दंड संहितेचे कलम ३७७, मुंबईचा दमट उकाडा आणि एकट्याने राहण्यास घर नसणे, या तिन्हींचा त्यात वाटा आहे. अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक सुरू केले, १९९४ मध्ये मुंबईत हमसफर ट्रस्ट स्थापन झाला आणि पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला. या चळवळीसमोरचे प्रश्न आरोग्य, कायदा आणि कुटुंब हे होते. वेशाची सांकेतिक भाषा हा तिचा विषय नव्हता. २००८ पासून मुंबईत आणि २०११ पासून पुण्यात निघणाऱ्या अभिमान यात्रांमुळे वेशाला सार्वजनिक जागा मिळाली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून वगळले. भारतात हार्नेस फॅशन म्हणून परिचित झाला तो याच वर्षांत. बहुतेक भारतीय ग्राहकांना तो प्रथम भेटला तो कपाटातील एक वस्तू म्हणून; त्यामागचा इतिहास त्याच्यासोबत आला नाही.

महाराष्ट्रात चामड्याला आणखी एक अर्थ आहे, जो अमेरिकी संस्कृतीत नाही. तेथे चामडे हे बळाचे चिन्ह झाले. येथे ते कमावणारे ढोर आणि शिवणारे चांभार यांना त्याच कामावरून अस्पृश्य ठरवले गेले. मोट, आसूड, सापती आणि पायताण पुरवणाऱ्या या कारागिरांचा माल प्रत्येक घरात चाले, माणूस मात्र दाराबाहेर उभा राही. त्यामुळे चामड्याचा पट्टा मराठी समाजात ‘निषिद्ध’ ठरतो तो लैंगिक कारणापूर्वी जातीच्या कारणाने.

वस्तू स्वीकारायची आणि करणाऱ्याचे नाव गाळायचे, हा प्रकार कोल्हापूर जिल्ह्याने अलीकडे अनुभवला. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्राचे कोल्हापूर, सांगली, सातारा व सोलापूर आणि कर्नाटकाचे बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हे जिल्हे येतात. गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीसारखी सीमेलगतची गावे आणि सीमेपलीकडचे कारागीर अशा रीतीने एकाच नोंदणीत आले. जून २०२५ मध्ये प्रादा या इटालियन फॅशनगृहाने मिलान येथे अगदी तशाच चपला मंचावर आणल्या आणि त्यांना नुसते चामडी सँडल म्हटले. टीका झाल्यावर त्यांच्यामागील भारतीय परंपरा कंपनीने मान्य केली, तिचे प्रतिनिधी जुलैमध्ये कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटले आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार होऊन २,००० जोड येथेच बनवून घेण्याचे ठरले.

भौगोलिक मानांकन प्रदेशाला मिळते. निरनिराळ्या शहरांत विखुरलेल्या लेदर समाजाला तसा दावा करता येत नाही. त्याच्या वारशाला मिळालेली त्यातल्या त्यात जवळची मान्यता सॅन फ्रान्सिस्कोची आहे. त्या शहराने २०१८ मध्ये साउथ ऑफ मार्केटचा काही भाग ‘लेदर आणि एलजीबीटीक्यू सांस्कृतिक क्षेत्र’ म्हणून घोषित केला. तेथील रिंगोल्ड गल्लीत बंद झालेल्या बारांची आणि दिवंगत व्यक्तींची स्मारके रस्त्यालगत उभारलेली आहेत.